हातात राण्यांची जोडी असताना

शंकेखोर : तुझी सुरुवात पानांपासून होते आणि माझी पहिली हरकत तिथेच आहे. दोन एक्के आले की रेज, दोन राजे आले की रेज, एक्का-राजा आला तरी रेज. कितीचा करायचा तेही ठरलेलं. मोठ्या ब्लाइंडच्या, म्हणजे पानं वाटण्याआधी सक्तीने लावायच्या मोठ्या रकमेच्या, चौपट, आणि आधी जितके जण नुसते आत आलेत तितके ब्लाइंड त्यावर आणखी. आता मांडवीतल्या एखाद्या तरंगत्या कॅसिनोत पोकरच्या शंभर-दोनशे ब्लाइंडच्या टेबलावर बस. समोर वीस हजारांच्या चिप्स आहेत, बटण तुझ्याकडे आहे, तुझ्याआधी चौघांनी दोनदोनशे टाकलेत आणि तुला इस्पिकची आणि किलवरची राणी आली आहे. नियमाप्रमाणे तू सोळाशे करतोस. दोन्ही ब्लाइंडवाले पानं टाकतात, पण ते चौघं एकामागून एक सोळाशे पुरे करतात. माणसं सुट्टीवर आलेली असतात, फ्लॉप, म्हणजे मधे उघडणारी पहिली तीन पानं, न बघता डाव सोडायला ती गोव्याला आलेली नसतात. पॉट झाला आठ हजार तीनशे. राण्या हातात असताना फ्लॉपवर निदान एक एक्का किंवा राजा पडण्याची शक्यता 41 टक्के आहे, हे तूच मला सांगितलंस. तो पडला आणि चौघांपैकी एकाने बेट केली, की तुझ्या नियमाला सांगण्यासारखं काही उरत नाही. तूही माझ्यासारखाच त्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसतोस. मग एवढा पैसा आधीच कशाला घालायचा? दोनशे टाकावेत, फ्लॉप बघावा. तिसरी राणी आली तर सगळ्यांना गाठावं, नाही आली तर दोनशेवर सुटावं.

हिशेबी : दोनशेत फ्लॉप बघून तिसरी राणी शोधायची, म्हणजे राण्यांना दुर्रीच्या भावात खेळवणं झालं. हातातल्या जोडीला फ्लॉपवर तिसरं पान साधारण साडेआठ वेळांतून एकदा मिळतं. राण्यांना मिळतं तितक्याच वेळा दुर्र्यांनाही मिळतं. राण्यांची खरी किंमत उरलेल्या साडेसात वेळांत आहे. समोरचा दश्शीच्या जोडीवर पैसे भरतो, गुलामावर भरतो, फ्लॉपवर लागलेल्या नव्वीच्या जोडीवर भरतो, आणि त्या सगळ्या वेळी आपण पुढे असतो. ती किंमत वसूल करायची तर पैसे आधी आत जायला हवेत.

आणि तुमच्या उदाहरणातला सोळाशेचा आकडा तुम्ही माझ्या गळ्यात घातलात. ही माणसं सोळाशेला हटत नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे ना? मग सव्वीसशे करा. समजा दोघं आले आणि दोघांनी पानं टाकली. तीन गुणिले सव्वीसशे, सोडून गेलेल्यांचे चारशे, ब्लाइंडचे तीनशे, असे मिळून साडेआठ हजार होतात. पॉट जवळजवळ तेवढाच, पण समोर चारऐवजी दोन माणसं. तुमच्याकडे 17,400 उरतात, म्हणजे पॉटच्या दुप्पट. उरलेल्या चिप्स आणि पॉट यांचं हे प्रमाण मॅट फ्लिन, सनी मेहता आणि एड मिलर यांच्या 2007 सालच्या ‘प्रोफेशनल नो-लिमिट होल्डेम’ या पुस्तकाने खेळाडूंच्या तोंडी रुळवलं. प्रमाण दोनच्या आसपास असलं आणि फ्लॉपवरचं सगळ्यात मोठं पान राणीखालचं असलं, की एका जोडीवर सगळे पैसे लावायला घाबरायचं कारण राहत नाही. तुमच्यासारखं दोनशे टाकून बघा. सात जणांचा चौदाशेचा पॉट आणि हातात 19,800. प्रमाण चौदा. तिथे एका जोडीवर कुणी शेवटपर्यंत पैसे लावले तर ते बहुतेक दोन जोड्या किंवा तिसरं पान लागलेला सेट असलेल्याला द्यायलाच लावले जातात. फ्लॉपनंतरचा निर्णय अवघड जातो म्हणून तुम्ही आधी कमी टाकता, आणि त्याच कमी टाकण्याने तो आणखी अवघड करून घेता.

शंकेखोर : प्रमाणाचं मी मान्य करतो. सव्वीसशेचंही करतो. पण त्या सव्वीसशेकडे नीट बघ. दोघं येतील आणि दोघं जातील हे तू कुठून आणलंस? दुसऱ्या टेबलावर सव्वीसशेला चौघेही येतील. तिसऱ्या टेबलावर चौघेही जातील आणि तुझ्या राण्यांवर अकराशे मिळतील. तो आकडा तू त्या टेबलावरची माणसं बघून ठरवलास. म्हणजे माझंच म्हणणं झालं.

आणि सगळ्या टेबलांवर मोठा रेज करायची घाई का? आपल्याकडे दिवाळीत तीनपत्ती खेळून मोठा झालेला माणूस काय करतो ते आठव. त्याला तीन राजे आले तर तो चेहरा न हलवता लहान-लहान चाल करत राहतो. मोठी चाल केली की सगळे पॅक करतील हे त्याला दहाव्या वर्षीच कळलेलं असतं. ते शहाणपण चुकीचं आहे का?

हिशेबी : तीनपत्तीत ते बरोबर आहे. आणि पोकरच्या टेबलावर आपली माणसं सगळ्यात जास्त पैसे तिथेच घालवतात. तीनपत्तीत तीन पानं वाटली की डावाचं बळ ठरून गेलं. दहा चाली होऊ देत की वीस, तुमचे तीन राजे तीन राजेच राहतात आणि समोरच्याच्या रंगाचा सीक्वेन्स होत नाही. तिथे लोकांना थांबवून ठेवण्याचा धोका शून्य असतो. होल्डेममध्ये दोन पानांनंतर आणखी पाच पानं उघडायची असतात. बदामाची सत्ती आणि अठ्ठी घेऊन दोनशेत आत आलेल्या माणसाला तुम्ही पाच पानं स्वस्तात दाखवता. जास्त पैसे भरून ती पानं बघण्याची चूक त्याने केली असती तर तिचा फायदा तुम्हाला होता. त्याच्याकडून जास्त पैसे न घेऊन तुम्ही त्याची चूक दुरुस्त करून दिलीत. रूपाने सारखे दिसणारे हे दोन खेळ आहेत, आणि हातातलं बळ लपवण्याची सवय एकातून दुसऱ्यात तशीच आणता येत नाही.

शंकेखोर : ठीक. मग तुझंच दुसरं टोक घेतो. एक्क्यांची जोडी एका अनोळखी हातासमोर साधारण 85 टक्के जिंकते. पाच जण समोर असले की ती 49 टक्क्यांवर येते. म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळा एक्के हरणार. मग गर्दी कमी करणं हाच रेजचा हेतू ठरतो, आणि ज्या टेबलावर गर्दी कमीच होत नाही तिथे तुझा रेज निरर्थक ठरतो.

हिशेबी : नाही, इथे थोडं थांबू. प्रत्येकाने शंभर रुपये टाकले असं धरा. एकच जण समोर असेल तर पॉट दोनशेचा, त्यातले 85 टक्के म्हणजे एकशे सत्तर सरासरीने तुमचे. फायदा सत्तर. पाच जण समोर असतील तर पॉट सहाशेचा, 49 टक्के म्हणजे दोनशे चौऱ्याण्णव. फायदा एकशे चौऱ्याण्णव. हराल जास्त वेळा, पण मिळवाल पावणेतीनपट. गर्दी कमी झाली नाही म्हणून रेज वाया गेला, असं ज्याला वाटतं तो किती वेळा जिंकलो हे मोजतो. खिशात किती राहिलं हे मोजत नाही.

(दोघांचं बोलणं इथे क्षणभर अडवतो. डाव किती वेळा आपला होतो आणि किती पैसे आपले होतात, यांची गल्लत हा या खेळातला सगळ्यात महाग गैरसमज आहे, असं माझं मत आहे. एक्के फुटल्याची गोष्ट टेबलावर प्रत्येकाजवळ असते आणि ती तपशीलवार सांगितली जाते. एक्क्यांनी शांतपणे मिळवून दिलेल्या पैशांच्या गोष्टी कुणी सांगत नाही, म्हणून ऐकणाऱ्याच्या मनात एक्के म्हणजे संकट असं चित्र उभं राहतं. पुढचा आक्षेप मात्र तितकाच वजनदार आहे.)

शंकेखोर : तुझं हे गणित सगळे पैसे फ्लॉपच्या आधीच आत गेले तर खरं आहे. शंभर टाकले, पाच पानं उघडली, ज्याची पानं मोठी त्याने पॉट घेतला. पण तुझ्या शंभरामागे आणखी हजार पडून असतात आणि ते तीन फेऱ्यांत लावायचे असतात. फ्लॉपवर इस्पिकची दश्शी, नव्वी आणि बदामाची अठ्ठी पडली, समोर पाच जण आहेत, एकाने बेट केली, दुसऱ्याने वाढवली. आता तुझे एक्के किती टक्के आहेत? तू पानं टाकलीस तर ज्या वेळा एक्के अजून पुढे होते त्याही वेळा गेल्या. नाही टाकलीस तर ज्या वेळा ते मेलेले होते तिथे सगळा स्टॅक गेला. एकशे चौऱ्याण्णवचा फायदा कागदावरच राहतो. तो प्रत्यक्षात किती हाती येतो हे फ्लॉपनंतर कोण काय करतं यावर ठरतं, आणि त्याचं गणित तू मला दाखवलेलं नाहीस.

हिशेबी : ते गणित यंत्रांनी केलं आहे. 2019 साली कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या नोम ब्राउन आणि टुओमास सँडहोम यांनी फेसबुकच्या सहकार्याने केलेल्या प्लुरिबस या प्रोग्रामने सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिक खेळाडूंना हरवलं. त्याला माणसांचे डाव शिकवलेले नव्हते, तो स्वतःशीच खेळून शिकला. आणि लहान ब्लाइंडची जागा सोडली तर पहिल्यांदा आत येताना नुसता कॉल करणं तोट्याचं आहे, या निष्कर्षाला तो स्वतःहून पोचला. अनुभवी खेळाडू जे वर्षानुवर्षं सांगत होते तेच त्याने सांगितलं.

शंकेखोर : सांगितलं, पण कुणासमोर खेळताना? ज्यांच्यावर तो शिकला ते सगळे त्याच्यासारखेच खेळणारे होते. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला सगळ्यांच्या चिप्स पुन्हा दहा हजार केल्या जात होत्या. तिथे कुणी हरून चिडत नव्हतं, कुणाला पहाटेचं विमान पकडायचं नव्हतं, तिसऱ्या पेगनंतर कुणी न बघता पैसे लावत नव्हतं. ज्याला लुटणं फार अवघड जाईल अशी पद्धत त्याने शोधली. ती थोर गोष्ट आहे. पण मला कुणी लुटू नये आणि समोरच्याच्या चुकीतून मी जास्तीत जास्त घ्यावं, हे दोन वेगळे हेतू आहेत. माझ्या डाव्या हाताला एखादा दर डावाला रेज करणारा बसला असेल, तर मी एक्के घेऊन नुसते दोनशे टाकीन. तो हजार करेल, दोघं-तिघं त्याला कॉल करतील, आणि मग मी सहा हजार करीन. यंत्राने हे केलं नसतं. त्याच्या टेबलावर तो माणूसच नव्हता.

हिशेबी : तो माणूस खरोखर दर डावाला रेज करत असेल तर मीही तुमच्याबरोबर दोनशे टाकीन. माझं भांडण ‘खरोखर’ या शब्दाशी आहे. तुम्हाला ते कसं कळलं? प्रत्यक्ष टेबलावर तासाला पंचवीस-तीस डाव होतात. 221 डावांतून एकदा एक्के येतात, म्हणजे सात ते नऊ तास बसलात तर एकदा. वर्षातून गोव्याच्या चार-पाच खेपा करणाऱ्या माणसाला एक्के किती वेळा आले असतील, त्यातले किती डाव त्याच्या लक्षात राहिले असतील, आणि त्या तुटपुंज्या आठवणीवर तो सांगतो की आपल्या टेबलांवर एक्के लपवूनच खेळावेत! ऑनलाइन चार टेबलं एकदम लावून बसणाऱ्याला ताशी काहीशे डाव मिळायचे, त्यांची नोंद राहायची, आपली समजूत खोटी निघाली तर ती आकड्यांत दिसायची. 2025च्या ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा संसदेने केला आणि इथल्या खेळाडूची ती कसोटीची जागा गेली. आता जे आहे ते टेबलावरचं. म्हणूनच मी कुठल्या पानांवर काय करायचं ते सांगणाऱ्या तक्त्याला धरून राहतो. त्यामागे लाखो डावांचा अभ्यास आहे. तुमच्या अनुभवामागे तुमची स्मरणशक्ती आहे.

शंकेखोर : माझ्या स्मरणशक्तीवर तुझा भरवसा नसेल तर राहू दे. पण माझ्या डोळ्यांसमोर जे घडतं ते? चिप्स पुढे सरकवताना माणसाची बोटं थरथरतात. नवखा म्हणतो, घाबरला आहे, थाप मारतोय. माइक कॅरोने 1984च्या पुस्तकात उलटं लिहिलं होतं, आणि मी जे पाहिलं ते त्याच्याशी जुळतं. चांगली पानं लागली की ताण सुटतो आणि हात कापतो. थाप मारणारा स्वतःला आवळून धरतो, त्याचे हात स्थिर असतात. फ्लॉप पडल्यावर जो चटकन आपल्या चिप्सकडे बघतो आणि लगेच नजर दुसरीकडे नेतो, त्याला काहीतरी लागलेलं असतं. तक्त्यात यातलं काही नाही. ऑनलाइनही नव्हतं. प्रत्यक्ष टेबलावर बसून हे वापरायचं नसेल तर तिथे जायचं कशाला?

हिशेबी : वापरायचंच. पण ते कुठे वापरायचं, हे पानं मोजल्याशिवाय कळत नाही. तुमच्याच जातीचा एक डाव मांडतो. मी सुरुवातीच्या जागेवरून राण्या घेऊन आठशे केले. बटणावरच्या गृहस्थांनी तीन तासांत एकदाही पुन्हा रेज केलेला नाही. आता त्यांनी समोरचे सगळे आठ हजार पुढे ढकलले. ब्लाइंडवाले गेले. मला आणखी सात हजार दोनशे टाकायचे आहेत, मिळायचे आहेत नऊ हजार शंभर. हिशेब सरळ आहे, मी साधारण 44 टक्के वेळा जिंकत असेन तर कॉल, नसेन तर पानं टाकायची.

त्यांच्याकडे काय असू शकतं? एक्क्यांची जोडी सहा प्रकारे येते, राजांची सहा प्रकारे, एक्का-राजा सोळा प्रकारे. बारा हात माझ्या खूप पुढे आहेत, तिथे मी पाचांतून एकदाही जिंकत नाही. सोळा हातांपुढे मी 56 टक्क्यांच्या आसपास आहे. फक्त हे अठ्ठावीस धरले तर मी 40 टक्क्यांवर येतो. पानं टाकावी लागतील. पण ते गुलामांच्या जोडीनेही ऑल-इन जाणारे असतील, तर आणखी सहा हात येतात आणि त्यांच्यावर मी 80 टक्क्यांच्या वर आहे. एकूण मी 47 टक्क्यांवर जातो. कॉल करावा लागतो. एका गुलामांच्या जोडीवर सगळं अडलं आहे. तुमचे डोळे, तुमचे थरथरते हात, सगळं घेऊन या आणि एवढ्या एकाच प्रश्नावर लावा. ते गृहस्थ गुलाम घेऊन पैसे ढकलतात की नाही?

शंकेखोर : प्रश्न इतका बारीक करून कुणी मला याआधी विचारला नव्हता. मी नुसतं म्हणालो असतो, हा माणूस घट्ट आहे, राण्या टाक. आता मला गुलामांबद्दल बोलावं लागेल. तर ऐक. दोन तासांपूर्वी त्यांना गुलाम आले होते, मी बघितले. कुणीतरी हजार केले होते, त्यांनी नुसता कॉल केला, आणि रिव्हरला पानं उलटी केली तेव्हा गुलामांची जोडी निघाली. हा माणूस गुलामाने पैसे ढकलत नाही. तुझे अठ्ठावीसच हात खरे, आणि एक्का-राजाचे सगळे सोळा धरणंसुद्धा मला उदार वाटतं. मी पानं टाकीन.

हिशेबी : त्या वेळी त्यांच्यासमोर अठरा हजार होते. आता आठ आहेत. मधल्या वेळात दहा हजार दोन डावांत गेले आणि दोन्ही वेळा ते पुढे असताना शेवटच्या पानावर गेले. तेव्हापासून ते पानं झाकून बघायचेही थांबलेत, बोटाने उचलतात आणि लगेच सोडतात. चिप्सची चळत घट्ट रचलेली असायची, ती आता विस्कटून पडली आहे. अशा अवस्थेत आठ हजार उरलेला माणूस गुलामांवर नुसता कॉल करून फ्लॉपची वाट बघत नाही. मी कॉल करीन.

शंकेखोर : हे कुठल्या तक्त्यात लिहिलं आहे?

हिशेबी : कुठल्याच नाही. मी त्यांच्याकडे बघून सांगतो आहे.

शंकेखोर : आणि मी झालेल्या डावाच्या नोंदीवरून. तीही एकाच डावाच्या.

हिशेबी : हो, आपण जागा बदलल्यात. पण किती रकमेसाठी भांडतो आहोत तेही बघू. गुलाम त्यात असतील तर माझ्या कॉलमध्ये सरासरी पाचशेचा फायदा आहे. नसतील तर सातशेच्या आसपास तोटा. म्हणजे गुलाम असतील असं मला दहातून सहा वेळा तरी वाटायला हवं, तरच कॉल बरोबर. त्यापेक्षा कमी वाटत असेल तर तुम्ही बरोबर.

शंकेखोर : मग मला एवढंच सांग. दहातून सहा, हे तू मोजलंस की तुला वाटलं?

हिशेबी : वाटलं. तुम्हाला दहातून दोन वाटतात, ते तुम्ही मोजलेत?